पांढऱ्या अस्वलाचा टाइम-स्टडी

मी खोली बघायला गेले, तेव्हा काकांनी खोली दाखवण्याआधी मला जिना चढायला लावला.

"वर जा, खाली ये. नॉर्मल स्पीडने. स्वतःच्या घरी चढतेस तशी."

मी पुण्याहून शिकायला आलेली, तेवीस वर्षांची. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. चढले आणि उतरले. काकांनी गळ्यात लोंबणाऱ्या स्टॉपवॉचकडे बघितलं आणि निकाल दिला, "उतरताना घाई करतेस. पाचव्या पायरीवर घसरशील कधीतरी. बाकी ठीक. राहा." पुढच्याच महिन्यात मी पाचव्या पायरीवरून घसरले. घोट्यावर ठेवायला बर्फाची पिशवी काकांनी स्वतः आणून दिली, पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या घोट्याच्या काळजीपेक्षा आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद जास्त होता.

घर लंडनच्या ईलिंग भागात होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे राहायला गेले ती आठेक वर्षं राहिले. काका तरुणपणी सोलापूरच्या गिरणीत टाइम-स्टडी करत आणि मग पश्चिम लंडनमधल्या एका बिस्किटांच्या कारखान्यातही तेच. टाइम-स्टडी म्हणजे कामगाराच्या शेजारी पांढरा कोट घालून उभं राहायचं आणि तो कुठल्या हालचालीला किती सेकंद घेतो, त्यातली कुठली हालचाल फुकट जाते, हे लिहून काढायचं. ज्याच्याशी दुपारच्या जेवणाला कुणीही बोलत नाही असं हे काम आहे. काकांनी ते तीस वर्षं अत्यंत आवडीने केलं. मग कारखाना बंद पडला. काका कोट, क्लिपबोर्ड आणि स्टॉपवॉच घेऊन घरी आले आणि हाताशी दुसरं कुणी नसल्यामुळे काकूंना मोजायला लागले.

फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला होता. डावीकडे 'चहा: सध्याची पद्धत', उजवीकडे 'चहा: सुधारित पद्धत'. सुधारित पद्धतीत चहाचा डबा, साखर आणि किटली एका रेषेत असायची. काकू रोज सकाळी डबा उचलून जुन्या जागी, वरच्या फळीवर ठेवायच्या आणि काकांच्या देखत हात उंच करून तो काढायच्या. शिवाय चहा ढवळताना गरजेपेक्षा बराच वेळ चमचा वाजवायच्या.

"लग्नात मंगलाष्टकं चालू होती तेव्हा यांनी घड्याळात बघितलं," काकू मला सांगायच्या. "माझ्या वडलांना वाटलं मुहूर्त टळतोय. त्यांना घाम फुटला. आणि हे मोजत होते, भटजी प्रत्येक कडव्यामागे किती वेळ वाया घालवतात ते!"

"वाया जातच होता," काका पेपरातून मान वर न काढता म्हणायचे.

त्यांना एका गोष्टीचा विलक्षण अभिमान होता. आपल्यासमोर कुणाचं नाटक चालत नाही, हा. कारखान्यात पॅकिंगच्या बाकावर साऊथॉलच्या पंजाबी बायका असत. काकांचा कोट दिसला, की त्या बिस्किटाचा पुडा तान्ह्या मुलाला घ्यावं तसा दोन्ही हातांनी अलगद उचलायच्या. वेळ जास्त लागतो असं कागदावर आलं, की पुढे कामाचा तगादा कमी, हा त्यांचा साधा हिशेब. काका ते ओळखून होते.

"मी शेजारी उभा राहिलो की माणूस बदलतो," काका म्हणायचे. "हे धरूनच मोजायचं असतं. ते धरलं नाही तर त्याला टाइम-स्टडी म्हणत नाहीत, कुंडली म्हणतात."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल.

आता माझ्याबद्दल. शिक्षण संपल्यावर मला लंडनबाहेरच्या एका झूच्या प्रसिद्धी विभागात टायपिस्टची नोकरी लागली. माझं इंग्रजी पुस्तकी असल्यामुळे ते साहेबांना शुद्ध वाटलं आणि थोड्याच दिवसांत प्राण्यांची माहितीपत्रकं मीच लिहायला लागले. त्याच हिवाळ्यात तिथल्या पांढऱ्या अस्वलिणीला पिल्लू झालं. तिने ते जवळ घेतलं नाही. का घेतलं नाही हे विचारणं माझ्या खात्याचं काम नव्हतं. तिच्या गुहेच्या भिंतीला लागून ख्रिसमसची गर्दी आणि ब्रास बँड होता, हे मला पुढे कळलं. बँडचं पत्रकही मीच लिहिलं होतं.

पिल्लू एका कीपरने बाटलीने वाढवलं. दुधाच्या खोलीत घालायचा पांढरा कोट, मांडीवर पिल्लू, पिल्लाच्या तोंडात बाटली, असं त्याचं पोस्टर झालं आणि देशभर लागलं. लोकांकडून नाव मागवलं, ते 'मफिन' ठरलं. मफिनचं चित्र असलेले कप आले, मफिनचे टीशर्ट आले, टीव्हीवाले आले. आपलं मराठी मंडळही मागे राहिलं नाही. एजवेअर, स्टॅनमोर, ईलिंग सगळीकडून माणसं घेत एक बस भरून आली. साड्यांवर कोट घातलेल्या बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"अय्या, अगदी आमच्या रोहनसारखं दूध पितंय गं!"

"मम्मी, मला पण तो बाटली होल्ड करायची आहे," रोहन म्हणाला. तो सात वर्षांचा होता आणि अस्वल आपल्यावरून ओळखलं जातंय हे त्याला आवडलेलं दिसलं नाही.

मी त्यांना रांगेशिवाय आत सोडलं, पिल्लाबरोबर फोटो काढून दिले आणि महिनाभर मंडळात माझा भाव वधारला. फक्त काका आले नाहीत. "मफिन ही खायची वस्तू आहे," एवढंच म्हणाले.

अस्वल गोंडस असण्याचा काळ फार थोडा असतो. मफिनच्या पंजाने कीपरचा दंड फाडला, खेळता खेळताच, आणि त्याला दुधाच्या खोलीतून काँक्रीटच्या मोठ्या चौकात हलवलं. बर्फ वाटावा म्हणून काँक्रीटला पांढरा रंग दिला होता. इतर अस्वलं दाखवली तर तो त्यांना घाबरून किंचाळत माणसांच्या बाजूच्या कठड्याकडे पळायचा. आपण अस्वल आहोत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून त्याला एकटं ठेवलं. कीपर वर्षभराने ऑस्ट्रेलियात दुसऱ्या नोकरीवर गेला. आणि मफिन चालायला लागला. अकरा पावलं, मान वर, वळण. परत अकरा पावलं, मान वर, वळण. सकाळपासून दार बंद होईपर्यंत.

मी पत्रकात लिहिलं, 'मफिनला व्यायामाची भारी आवड आहे.'

काका त्याला पहिल्यांदा बघायला आले ते काकूंनी ओढून आणलं म्हणून, मी दिलेल्या पासवर. काकू माकडांकडे गेल्या. काका मफिनच्या कठड्यापाशी उभे राहिले ते हललेच नाहीत. खिशातून स्टॉपवॉच निघालं.

"हा कुठल्या शिफ्टला असतो?" त्यांनी मला विचारलं.

"शिफ्ट नसते काका. तो दिवसभर असाच असतो."

"अकरा पावलं. प्रत्येक वेळी अकरा. पाय त्याच ठिकाणी पडतोय, रंग उडालाय बघ तिथला. अगं, इतका रेग्युलर ऑपरेटर मला तीस वर्षांत मिळाला नाही! आणि यातली एकही हालचाल कामाची नाही."

कारखान्यात मशीनवरच्या कामगाराला ऑपरेटर म्हणत. त्या दिवसापासून काका मफिनला ऑपरेटरच म्हणायला लागले.

पुढच्या रविवारी ते पांढरा कोट चढवून आले. मी म्हटलं, काका, कोट कशाला, लोक तुम्हाला आमच्यातले समजतील. तर म्हणाले, "कोटाशिवाय मोजणं म्हणजे चोरून बघणं. ज्याला मोजतोय त्याला कळलं पाहिजे." हे तत्त्व ते अस्वलालाही लागू करत होते, याचं मला तेव्हा हसू आलं. कठड्यासमोरच्या बाकावर दहा वाजता बसायचं, चार वाजता उठायचं. मध्ये काकूंनी दिलेला पोळीभाजीचा डबा. क्लिपबोर्डवर रकाने होते: चालणे, पोहणे, खाणे, झोप, विश्रांती.

दोन महिन्यांनी त्यांनी आमच्या संचालकांना सुधारित पद्धतीचं पत्र पाठवलं. मासे एकदम टाकू नका, बादलीत पाणी घालून गोठवून द्या. वेळ रोज बदला. खेळायला मोठी पिंपं द्या. संचालक बो-टाय लावणारे, हसतमुख, कुठल्याही गोष्टीला "स्प्लेंडिड" म्हणणारे गृहस्थ. त्यांनी तेही मान्य केलं. आणि काय आश्चर्य, आकडे बदलायला लागले. रविवारमागून रविवार चालणं कमी, विश्रांती जास्त. ऑपरेटर मधेच चालणं सोडून कठड्याशी यायचा, बाकासमोर उभा राहायचा, पंजा तोंडात धरायचा आणि घशातून बारीक घूंघूं आवाज करत राहायचा. काका त्याची नोंद विश्रांतीच्या रकान्यात करायचे आणि समोर शेरा लिहायचे, 'समाधानी.'

मग काकांना आवरणं कठीण झालं. गणेशोत्सवात हॉलमध्ये गणपतीच्या शेजारी त्यांनी अस्वलाचा आलेख टांगला. आरतीला उभ्या राहिलेल्यांना ताम्हण फिरता फिरता खाली उतरणारी लाल रेघ समजावून घ्यावी लागली. मंडळाच्या अध्यक्षांनी आलेख नेमका कशाचा हे न कळताच काकांना शाल आणि नारळ दिला. एका बाईंनी आपल्या सुनेलाही अशी चालायची सवय लावता येईल का, असं विचारलं. काकांनी गंभीरपणे तिचं वजन विचारलं.

झूमध्ये तर आलेख फारच आवडला. कारण त्या शरद ऋतूत दुसऱ्या एका अस्वलिणीला दिवस गेले होते आणि संचालकांच्या डोक्यात नवं पोस्टर तयार होतं. यावेळी आईने टाकायची वाट बघायची नाही. पिल्लू पहिल्याच आठवड्यात काढून घ्यायचं, काचेच्या नर्सरीत लोकांसमोर बाटलीने वाढवायचं. झूच्या एकदोन वर्गणीदार सभासदांनी कुरकुर केली, की पहिल्याचं काय झालं ते दिसतंय ना? त्यांना उत्तर म्हणून काकांचा आलेख होता. हाताने वाढवलेलं अस्वल मोठेपणीही सुखात राहतं, हे आता मोजून सिद्ध झालं होतं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सभासदांची सभा ठरली. काका बोलणार होते. 'हाताने वाढवलेलं, आनंदात वाढलेलं' असं पत्रक मी लिहून छापायला पाठवलं.

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळीच काकांच्या पाठीत उसण भरली. वरच्या फळीवरचा चहाचा डबा काढताना. काकू पुढे दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर देत नव्हत्या. काका स्वयंपाकघराच्या जमिनीवर उताणे पडून होते, आणि एकही रविवार चुकता कामा नये म्हणून त्यांनी स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं.

"दहा ते चार. कोट नेतेस?"

"मला ढगळ होतो काका."

मी माझा लाल कोट घालून गेले आणि बाकावर बसले. मफिन चालत होता. साडेदहा वाजता चालत होता, अकरा वाजता चालत होता. गोठवलेल्या माशांची बादली आली, त्याने चालता चालता फोडली, गिळली आणि पुन्हा चालायला लागला. पिंपाकडे बघितलंही नाही. मात्र प्रत्येक वळणाला मान वर झाली, की तो बाकाकडे बघायचा. मी बाकावरच होते. तो माझ्यावरून नजर फिरवायचा, जणू बाक रिकामा आहे, आणि वळायचा. दोन वाजेपर्यंत तो एकदाही कठड्याशी आला नाही. विश्रांतीच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी उठले, कॅफेत गेले, चहा मागवला आणि सगळे रकाने भरून टाकले.

आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून केलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत होते. पत्रक छापून झालं होतं, हे खरं कारण. काकांचं मन राखायचं ते मला नंतर सुचलं.

घरी आले तर काका अजून जमिनीवरच होते. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला नाही.

"कुठे बसून लिहिलंस?"

"बाकावर."

"बाकावर बसून पाच आणि शून्यावर संपणारे आकडे येत नाहीत. हे टेबलावर लिहिलेत. चहा पीत. हा बघ कपाचा डाग. सोलापूरला सुपरवायझर असेच आणायचे."

मी रडायलाच लागले आणि रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता घराबाहेर काढतील. काकांनी कागद छातीवर ठेवला. छताकडे बघत राहिले. काकूंचा चमचा वाजायचा थांबला.

"एकदाही थांबला नाही?"

"नाही काका."

"बाकाकडे बघत होता?"

"प्रत्येक वळणाला."

"कोट कुठला घातला होतास? हाच, लाल?" मग जरा वेळाने, "त्याला बाटलीने पाजणारा माणूस काय घालायचा गं?"

माझ्या टेबलामागे गेली पाच वर्षं ते पोस्टर लागलेलं होतं. मी रोज त्याच्याकडे पाठ करून पत्रकं टाइप करत होते.

"पांढरा," मी म्हटलं.

मग काकूच बोलल्या, आणि त्या काही टोमणा मारायच्या सुरात नव्हत्या. "अहो, तुम्हीच म्हणता ना, तुम्ही शेजारी उभे राहिलात की माणूस बदलतो म्हणून?"

बुधवारी पाठीला पट्टा बांधून काका निघाले. काकूही आल्या, मीही होते. आधी ते तपकिरी स्वेटरवर बाकावर बसले. मफिन चालत राहिला. अकरा पावलं, मान वर, बाकाकडे नजर, वळण. अर्ध्या तासाने काकांनी पिशवीतून पांढरा कोट काढला आणि घातला. पुढच्या वळणाला मफिनची मान वर झाली ती तशीच राहिली. तो तडक कठड्याशी आला. मागच्या पायांवर उभा राहिला. मग खाली बसला, पंजा तोंडात घेतला आणि त्याचं घूंघूं सुरू झालं.

एवढं मोठं धूड, चोखत बसलेलं. काकूंनी ते पहिल्यांदाच जवळून पाहिलं.

"समाधानी लिहिता होय तुम्ही याला?" त्या म्हणाल्या. "अहो, भुकेलं पोर असं करतं. बाटली येणार म्हणून."

काकांनी क्लिपबोर्ड काढला. पहिल्या रविवारपासूनचा प्रत्येक कागद उलटून 'विश्रांती' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'वाट पाहणे'.

"आमच्याकडे याला वेगळा कॉलम असतो," ते म्हणाले. "माल आला नाही की कामगार मशीनजवळ नुसता उभा असतो, तो. दिसायला तो आराम वाटतो. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवतात, या दोन कॉलमांत गल्लत करायची नाही. पहिल्या दिवशी!"

तीस वर्षांत त्यांनी आपला एकही आकडा मागे घेतला नव्हता. बायकांनी मोर्चा काढला तरी नाही. घरी जाताना बसमध्ये मला खरोखर भीती वाटत होती, ते सभेत काय बोलतील याची.

सभेला शंभरेक सभासद जमले होते. बहुतेक पेन्शनीतले, ट्वीडचे कोट, थर्मास, प्रेमळ चेहरे. संचालकांनी काकांची ओळख करून दिली आणि आलेखावरचा पडदा दूर केला. टाळ्या पडल्या. काका उठले, आलेखापाशी गेले आणि तो खाली उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"हे आकडे चुकीचे आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "मी मोजले, मीच चुकलो. तुम्ही हे नव्या पिल्लाच्या बाबतीत वापरू नका."

संचालक हसले. फार सभ्यपणे म्हणाले, की आपले मित्र अतिशय प्रामाणिक आहेत, पण त्यांचा खरा अनुभव बिस्किटांचा आहे, आणि शास्त्रात एखाददुसऱ्या चुकीच्या आकड्याने काही बिघडत नाही.

"बरोबर," काका म्हणाले. "मला बिस्किटंच कळतात. म्हणून मी काही सांगत नाही. तुम्ही सगळे पाच मिनिटं बाहेर चला."

सभा छत्र्या घेऊन मफिनच्या कठड्याशी आली. मफिन चालत होता. काकांनी अंगातला पांढरा कोट काढला आणि संचालकांपुढे धरला. लोकांना मजा वाटली. संचालकांनाही वाटली, ते गमतीला नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी कोट घातला, बो-टाय सारखा केला आणि कठड्याशी उभे राहिले. मफिन वळला, थांबला, धावत आला. त्यांच्यासमोर बसून पंजा चोखायला लागला.

"ओ, ब्लेस हिम!" एक बाई म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरे निघाले. संचालकांनी हात हलवला. ते काकांना म्हणाले, "स्प्लेंडिड! तुम्ही तर माझंच म्हणणं सिद्ध केलंत."

"आता कोट काढा," काका म्हणाले. "आणि त्या कोपऱ्याआड जाऊन उभे राहा. तुम्ही मात्र कुणी हलू नका."

संचालक गेले. मफिन त्यांच्या पाठीकडे बघत होता. ते कोपऱ्याआड दिसेनासे झाले तरी तो बघत राहिला. घूंघूं आवाज मोठा झाला, मग तुटक झाला. त्याने कठड्यावर पंजा मारला. मग तो उठला आणि चालायला लागला. अकरा पावलं, मान वर, कोपऱ्याकडे नजर, वळण. पूर्वीपेक्षा भराभर. पाऊस पडत होता आणि शंभर माणसं छत्र्यांखाली उभी राहून ते बघत होती. कॅमेरे कधी खाली गेले मला कळलं नाही.

मघाच्याच बाईंनी काकांना विचारलं, "आता किती वेळ चालेल हे?"

"मॅडम," काका म्हणाले, "मी मोजणं बंद केलंय."

त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

संचालकांनी काकांना कधीच माफ केलं नाही. पण सभासदांनी पत्रांचा असा मारा केला, की त्या हिवाळ्यात अस्वलिणीच्या गुहेजवळची वाट बंद झाली, बँड पार तळ्यापलीकडे गेला आणि गुहेचं दार कुणी उघडलं नाही. माझी पत्रकं मीच खोक्यांत भरून रद्दीत दिली. पिल्लू जगलं नसतं तर त्याचा दोष काकांवर आला असता, हे त्यांना माहीत होतं. ते तीन महिने त्यांनी नीट जेवण केलं नाही आणि काकूंनी चहाचा डबा मुकाट्याने सुधारित जागी ठेवला.

वसंतात अस्वलीण बाहेर आली आणि तिच्या मागोमाग पिल्लू. मंडळाची बस पुन्हा आली. बाटली नाही, फोटो नाही, पिल्लू लांब आईच्या पोटाखाली. मंडळी फार हिरमुसली. "एवढ्या लांब आलो तरी त्याने साधं तोंडसुद्धा दाखवलं नाही!" रोहनची आई म्हणाली.

काकांनी त्याच दिवशी पांढरा कोट घातला आणि पिल्लाच्या समोरच्या बाकावर बसले. उभे राहिले. दोन पावलं पुढे गेले. हात हलवला. पिल्लाने आईचा कान ओढला, पाण्यात पडलं, बाहेर आलं, पुन्हा आईचा कान ओढला. तासभर हे चाललं होतं. मी बघत होते, तर काकांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. नातवाचा पहिला नंबर आल्यावर सोलापुरात पेढे वाटत फिरावं, तितका आनंद.

"बघितलंस?" त्यांनी माझा दंड धरला. "ढुंकूनही बघत नाही! कोट घालूनसुद्धा! माझ्याकडे बघायला त्याला काही कारणच नाही गं!"

"आता बसा जरा काका. डबा खाऊ या."

"नको, ऊठ. उशीर झाला." त्यांनी डबा तसाच पिशवीत कोंबला. "मफिन तिकडे वाट बघत असेल."

ते त्याला पहिल्यांदाच मफिन म्हणाले होते. त्या वर्षापासून, नव्वदीच्या सुरुवातीला मफिन गेला तोपर्यंत, काका रोज दोन बस बदलून तिथे जात आणि कोट घालून दार बंद होईपर्यंत त्याच्यासमोर बसत. आपण निघालो की त्याला दुखतं, गेलोच नाही तरी दुखतं, याला सुधारित पद्धत त्यांना शेवटपर्यंत सापडली नाही. काकू म्हणायच्या, "माझ्यासमोर उभ्या आयुष्यात एवढा वेळ बसला नाहीत," आणि दोन डबे भरून द्यायच्या.

त्या दिवशी काका मफिनच्या दिशेने पायऱ्या उतरत होते, पाठीला पट्टा, अंगावर पांढरा कोट, अशी घाई करत की मी मागून ओरडले, "काका, हळू! पाचव्या पायरीवर घसराल!" त्यांनी ऐकलं नाही. खालच्या कठड्याशी मफिनने मान वर केली होती.